माया किती ठेवायची

खरास डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझा चेहरा फिरवला,
भांड्यांच्या दुकानात पातेलं फिरवून बघतात तसा.
खालचा जबडा सात मिलीमीटर मागे, हा एक पर्याय.
खालचा चार मागे, वरचा तीन पुढे
आणि मागच्या बाजूने जरा उचलून, हा दुसरा.
हनुवटी, त्या म्हणाल्या, ऐच्छिक.
नववीत संस्कृत होतं, तसं.

माझे पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.
मधल्या फटीतून जीभ डोकावते
आणि शिवडीच्या शाखेत, खिडकी नंबर तीनवर,
‘सही इथे करा’मधला स
दिवसातून साठ वेळा ओला होऊन पडतो.
शेवया तुटत नाहीत, लोंबतात.
दोरा तुटत नाही.
शिंप्याच्या मुलीला दातांनी दोरा तोडता येत नाही
हे अख्ख्या काळाचौकीला माहीत आहे.

इंदूमावशीने विचारलं, स्थळ आलंय का?
शाखेतला तांडेल म्हणाला, एकच कर, खालचाच;
एक दरवाजा चेपला म्हणून कोणी दोन बदलतं का?
मी रात्री पासबुकाच्या मागे आकडे मांडते.
एकच केला तर तीन तास, दोन्ही केले तर सहा.
एकच केला तर फट पुन्हा उघडायची भीती जास्त,
शिवाय जीभ मागे दबून घोरणं.
दोन्ही केले तर बाबांची ठेव मोडायची,
मुदतीआधी, एक टक्का दंड,
तो अर्ज मीच रोज लोकांना भरून देते.
खालचा ओठ बधिर राहू शकतो, काही महिने, कदाचित कायमचा.
हे दोन्हीकडे सारखंच.

बाबांना चित्रं दाखवली, एक नंबर, दोन नंबर.
त्यांनी चश्मा कपाळावर सारला,
गळ्यातली टेप हातात घेतली
आणि माझ्या तोंडाला न लावता
तिच्यावरच सात मिलीमीटर शोधले.
‘एवढंच? एवढ्यात काजसुद्धा होत नाही.’
मग बराच वेळ मशीन चालवलं.
मग थांबवलं.
‘उसवता येतं?’
नाही.
‘आधी कच्ची टीप?’
नाही, बाबा. एकदम पक्कीच. पट्ट्या, स्क्रू.
‘मग माया ठेवायला सांग.’

पुढच्या भेटीत मी तसं सांगितलं.
खरासबाई हसल्या: मायेनेच करते गं मी सगळ्यांचं.
तसं नाही, म्हटलं,
शिवणीच्या आत दुमडलेलं कापड,
अंग भरलं तर सोडायला.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
हाडात तशी सोय नसते, म्हणाल्या,
आणि पडद्यावरच्या हनुवटीवर बोट टेकवलं:
ही हवी तर राहू दे. वर्षाने करू, पाच वर्षांनी करू.
नाहीच केली तरी काही अडत नाही.

हनुवटी आईची आहे असं सगळे म्हणतात.
मी फोटो काढून बसले.
आईने पदर तोंडाशी धरलाय,
बारशात, सत्यनारायणात, राणीच्या बागेत,
एकूण एक फोटोत.
इतकी वर्षं मला वाटायचं
ती हसू लपवते आहे.

फॉर्मवर तीन चौकोन होते.
वरचा, खालचा, दोन्हींत खूण केली.
तिसरा कोरा सोडला.
खरंच माया म्हणून, की हिंमत संपली म्हणून,
ते मला अजून सांगता येत नाही.
सही इथे करा, बाई म्हणाल्या.
त्यांचा स कोरडा, इस्त्री केलेला.

दुकानात आले तेव्हा बाबा काज करत बसले होते.
ठेवीची पावती बॉबिनच्या डब्याखाली
त्यांनी आधीच काढून ठेवली होती.
मी रिळावरून वीतभर दोरा घेतला,
पुढच्या दातांत धरला, ओढला.
ओला होऊन सुटून आला.
बाबांनी मान वर न करता
कात्री पुढे केली,
नेहमीसारखी, मुठीकडून.